‘समजलं का?’ विचारल्यावर येणारे अंगठे

प्रश्न

सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ओळखीतले बरेच जण ‘आम्हालाही शिकव ना’ म्हणत होते, म्हणून त्यांनी दर शनिवारी दीड तासाचा, विनामूल्य, ऑनलाइन, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा वर्ग सुरू केला. नावं चाळीस जणांनी दिली. पाचव्या आठवड्यात अकरा उरले. वर्गात त्या स्क्रीनवर कोड टाइप करून दाखवतात, बाकीच्यांचे कॅमेरे बंद असतात. ‘समजलं का?’ विचारलं की पटापट अंगठे येतात, पण गृहपाठ दोघं-तिघंच पाठवतात. एकाला वर्ग फार संथ वाटतो. दुसरीने खाजगी चॅटमध्ये लिहिलं, ‘तिसऱ्या आठवड्यापासून मी नुसतं बघतेय.’ पहिल्या आठवड्यात व्हेरिएबल (किमतीला दिलेलं नाव), दुसऱ्यात इफ-एल्स (अटी), तिसऱ्यात लूप (तेच काम पुन्हापुन्हा) आणि लिस्ट (यादी), चौथ्यात फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), पाचव्यात डिक्शनरी (नाव आणि किमतीच्या जोड्या) आणि फाइल, असा क्रम झाला. आता त्यांच्या मनात तीन पर्याय आहेत: थेट वर्ग बंद करून व्हिडिओ करायचे, पुढच्या बॅचला प्रवेशचाचणी लावायची, किंवा पायथन सोडून जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा घ्यायची, म्हणजे पडद्यावर लगेच काहीतरी दिसेल. शेवटी त्या विचारतात, ‘मला शिकवायची हातोटी नाही, की प्रोग्रामिंग मुळात सगळ्यांना जमतच नाही?’

उत्तर

आधी आकड्यांचं बघू, कारण तुमचा निम्मा धीर त्यांनीच खाल्लेला दिसतो. विनामूल्य ऑनलाइन वर्गात नाव देणं म्हणजे बहुतेकांच्या लेखी ‘बघू तरी’ म्हणणं. मोठ्या खुल्या ऑनलाइन कोर्सांमध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे साधारण दहा-पंधरा टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी असतात. त्या हिशेबाने चाळीसातले अकरा पाचव्या आठवड्यात टिकले यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ‘तिसऱ्या आठवड्यापासून नुसतं बघतेय’ हे वाक्य सोडून देऊ नका. ते लिहिणारी एकटी आहे, तशी अवस्था असलेले बरेच असणार.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये या गळतीचं एक पटणारं कारण मांडलं. प्रोग्रामिंगमधल्या संकल्पना एकमेकींत फार घट्ट अडकलेल्या असतात. व्हेरिएबल नीट बसलं नसेल तर लूपमधलं ‘बेरीज = बेरीज + संख्या’ कळत नाही, लूप कळला नाही तर लिस्टवर काही करता येत नाही आणि फंक्शन तर हवेतच राहतं. इतर विषयांत एक धडा चुकला तरी पुढचा पकडता येतो. इथे सुरुवातीचा छोटा खड्डा दर आठवड्याला मोठा होत जातो आणि सुरुवातीची छोटी आघाडीही तशीच वाढत जाते. म्हणून तुमच्या एकाच वर्गात ‘फार संथ’ म्हणणारा आणि ‘काहीच कळत नाही’ म्हणणारी शेजारी-शेजारी बसलेत. दोघांच्या बुद्धीत जमीन-अस्मानाचा फरक असेलच असं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत कुणाचं काय बसलं, एवढाच फरक असू शकतो.

‘सगळ्यांना जमतच नाही’ या शंकेचा एक किस्साच आहे. २००६ मध्ये सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नात यांनी असा दावा केला की एका छोट्या चाचणीवरून, प्रोग्रामिंगचा एकही धडा न देता, कुणाला हे जमेल आणि कुणाला नाही ते सांगता येतं. दावा खूप गाजला. २०१४ मध्ये बोर्नात यांनी स्वतःच तो जाहीरपणे मागे घेतला. पुढे २०१६ मध्ये एलिझाबेथ पटिट्सास आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सांची ७७८ गुणवितरणं तपासली. ‘जमणारे आणि न जमणारे’ असे दोन उंचवटे दिसू शकतील अशी त्यांतली सहा टक्केही निघाली नाहीत. दोन गट आहेत असं शिकवणाऱ्यांना वाटतं खरं, पण ते आकड्यांत सापडत नाहीत. प्रवेशचाचणीचा पर्याय मी इथेच बाजूला ठेवते. त्या चाचणीतून तुम्हाला फक्त एवढंच कळेल की आधी थोडंफार कुठेतरी कुणी शिकलंय का.

हातोटीबद्दल तुमच्या पत्रातून काही ठरवता येत नाही. पण एक गोष्ट दिसते. तुमच्या वर्गात टाइप तुम्ही करता, चुका तुम्ही करता, त्या दुरुस्तही तुम्हीच करता. बाकीचे बघतात आणि अंगठा दाखवतात. तो अंगठा खोटा नसतो, हे लक्षात घ्या. तुम्ही लिहिलेली ओळ चालली, अपेक्षित उत्तर आलं, म्हणजे समोरच्याला ‘कळलं’ असंच वाटतं. कळलेलं नाही हे त्यालाही माहीत नसतं. ते मंगळवारी रात्री रिकाम्या फाइलपुढे बसल्यावर कळतं. तेव्हा तुम्ही नसता. म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गातून काढून टाका आणि त्याजागी ‘आता काय छापलं जाईल?’ हा आणा.

एक नमुना बघू. (इथे कोड देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना पायथनचे शब्द आणि आकडे रोमनच हवेत.)

वय = इनपुट("तुमचं वय? ")
प्रिंट(वय * २)

वापरणाऱ्याने २० टाइप केलं. काय दिसेल? पर्याय: ४०, २०२०, एरर. पोल लावा आणि निकाल लगेच उघड करू नका. बहुतेक नवशिके ४० म्हणतील, काही सावध मंडळी एरर म्हणतील. प्रत्यक्षात २०२० येतं, कारण इनपुट नेहमी मजकूरच परत देतो आणि मजकुराला दोनने गुणलं की पायथन तो दोनदा लिहितो. मग लगेच दुसरा प्रश्न: ‘वय + १’ छापलं तर? आता सगळे हुशार होऊन २०१ म्हणतात, आणि येतो टाइप-एरर, कारण मजकुराला संख्या जोडायला पायथन नकार देतो. या चार-पाच मिनिटांत ‘मजकूर आणि संख्या हे वेगवेगळे प्रकार आहेत’ हे जितकं ठसतं, तितकं प्रकारांच्या तक्त्याची स्लाइड अर्धा तास दाखवून ठसत नाही.

अशा प्रश्नात चुकीचे पर्याय निवडताना खरा कस लागतो. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक गैरसमजातून आलेला हवा. उगाच भरीला ‘यांपैकी नाही’ घालू नका. काही हमखास प्रश्न असे: ‘अ = ५, ब = अ, अ = ७’ केल्यावर ब किती? स्प्रेडशीट वापरणारे सात म्हणतात, कारण तिथे एक खाना बदलला की त्यावर बेतलेला दुसरा आपोआप बदलतो; पायथनमध्ये ब पाचच राहतो. किंवा ‘इफ उत्तर == "हो" ऑर "होय":’ ही अट ‘नाही’ टाइप केल्यावर खरी ठरेल की खोटी? वाचायला ती मराठी वाक्यासारखी वाटते, पण पायथन ‘उत्तर == "हो"’ आणि नुसतं "होय" असे दोन तुकडे तपासतो. रिकामा नसलेला मजकूर पायथनच्या दृष्टीने खराच असतो, म्हणून अट कायमच खरी ठरते. तिसरा नमुना: फंक्शनमध्ये रिटर्नऐवजी (उत्तर परत देण्याऐवजी) प्रिंट लिहिलं आणि बाहेर त्या फंक्शनचं उत्तर पुन्हा प्रिंट केलं तर? आकडा दिसतो आणि खाली एक गूढ ‘नन’. फंक्शनने काहीच परत दिलं नाही, याचा तो पुरावा. चौथ्या आठवड्यातल्या निम्म्या शंका या ‘नन’पाशी येऊन थांबतात.

लूपसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे:

बेरीज = ०
फॉर संख्या इन [४, ७, २]:
    बेरीज = बेरीज + संख्या
प्रिंट(बेरीज)

इथे १३ येतं. शेवटची ओळ चार स्पेस आत सरकवली की ४, ११, १३ अशा तीन ओळी येतात. हे चालवण्याआधी प्रत्येकाला वहीत तक्ता करायला लावा: डावीकडे ओळीचा क्रमांक, पुढे ‘संख्या’ आणि ‘बेरीज’ असे दोन रकाने, आणि प्रत्येक पायरीला किंमत खोडून नवीन लिहायची. हा ट्रेस कंटाळवाणा वाटतो, संथ वाटणाऱ्या त्या विद्यार्थ्याला तर नक्कीच वाटेल. पण त्यालाही करायला लावा, बघा किती वेळा अडखळतो. हाताने तीन-चार ट्रेस झाले की मग फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर हे वेबवरचं साधन उघडा. ते एकेक ओळ चालवत मेमरीत काय बदललं ते चित्राने दाखवतं. क्रम उलटा केला तर विद्यार्थी पुन्हा नुसते बघत बसतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी ओळखलेली गोष्ट आहे. रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांमागे एक मोठा गैरसमज दाखवला: कॉम्प्युटरच्या आत कुणीतरी आहे आणि त्याला आपला हेतू कळतो. व्हेरिएबलला ‘सर्वात_मोठा’ नाव दिलं की त्यात आपोआप सर्वात मोठी संख्या येईल असं विद्यार्थ्याला आत कुठेतरी वाटत असतं. विचारलं तर तो कबूल करणार नाही, पण त्याचा कोड तसंच सांगतो. यावर एक छान युक्ती आहे: तोच प्रोग्राम, पण नाव ‘सर्वात_मोठा’ऐवजी ‘टोपी’. आता काय छापलं जाईल? उत्तर बदललं तर गैरसमज पकडला गेला.

नावांवरून आठवलं, तुम्ही मराठीत शिकवत असाल तर व्हेरिएबलची नावं सुरुवातीला देवनागरीत देऊन बघा. पायथन ३ मध्ये ती चालतात. फायदा असा की कुठले शब्द पायथनचे आणि कुठले आपण ठेवलेले, हे बघताक्षणी वेगळं दिसतं. एरवी ‘इनपुट’ आणि ‘एज’ यांत काय फरक आहे हे नवख्याला कळायला वेळ लागतो. तोटा म्हणजे कीबोर्ड सारखा बदलावा लागतो आणि कधीतरी १ हा आकडा देवनागरीत पडतो. कोडमध्ये देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक, येते. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने इनपुटमध्ये ‘२०’ असं देवनागरीत टाइप केलं तर ‘इंट’ हे मजकुराची संख्या करणारं पायथनचं फंक्शन ते मुकाट्याने संख्येत बदलतं. दोन-तीन आठवड्यांनी रोमन नावांवर आलात तरी हरकत नाही.

आता वर्ग प्रत्यक्ष कसा चालवायचा. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. दहा झाली की प्रश्न, पोल किंवा हाताने करायचं काम आलंच पाहिजे. चॅटमध्ये उत्तर मागायचं असेल तर ‘लिहून ठेवा, एंटर दाबू नका, मी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम’ असं सांगा. नाहीतर पहिल्याचं उत्तर बघून बाकीचे तेच लिहितात आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना आलं. प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गखोल्यांमध्ये मोजलं तेव्हा शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं मोठी आणि चांगली आली. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला, विचार करायला आणि टाइप करायला मिळून तीस-चाळीस सेकंद तरी द्या. ती शांतता तुम्हाला खायला उठेल. पाणी प्या, पण बोलू नका.

कोड दाखवताना पेस्ट करू नका, टाइप करा, आणि टाइप करण्याआधी काय लिहिणार ते तोंडाने सांगा. अक्षरं मोठी ठेवा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा आणि एडिटरने तुमच्या स्क्रीनचा वरचा निम्माच भाग घेऊ द्या. कारण समोरच्याच्या छोट्या लॅपटॉपवर तुमची खिडकी आणि त्याचा स्वतःचा एडिटर दोन्ही मावले पाहिजेत. मावले नाहीत तर तो एकच निवडतो, तुमची, आणि त्याचा हात थांबतो. फोनवरून बघणाऱ्यांना कोड करायला दुसरं उपकरण आहे का, हे एकदा विचारून घ्या. नसेल तर त्यांच्या गृहपाठाची अपेक्षा बदला.

टाइप करताना चूक झाली तर लपवू नका. एरर वाचणं हा स्वतंत्र धडा आहे आणि तो तुमच्या यादीत दिसत नाही. पायथनची एरर खालून वर वाचायची: सर्वात खालची ओळ म्हणजे काय बिघडलं, तिच्या वर कुठल्या ओळीत. त्या ओळीत चूक दिसली नाही तर आधीची ओळ बघायची, कारण न मिटलेला कंस तिथेच असतो. सगळ्यांकडे पायथन ३.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती असू द्या. २०२१ मधल्या त्या आवृत्तीपासून ‘हा कंस बंदच झाला नाही’, ‘तुम्हाला अमुक नाव म्हणायचं होतं का’ असे संदेश येतात. जुन्या आवृत्त्या नुसतं ‘सिंटॅक्स चुकलं’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी एका पानावर सात-आठ नेहमीचे संदेश, त्यांचा मराठी अर्थ आणि ‘आधी काय तपासायचं’ असं लिहून द्या. हे पान प्रत्येकाच्या टेबलावर असलं तर तुमचे निम्मे खाजगी मेसेज कमी होतील.

किती जण पहिल्याच आठवड्यात इन्स्टॉल करता न आल्याने गेले, हे तुम्ही विचारलंत का? मला शंका आहे की बरेच. विंडोजवर पायथन बसवताना खाली ‘पाथमध्ये जोडा’ असा छोटा चौकोन असतो. तो टिक केला नाही की कमांड प्रॉम्प्ट पायथनला ओळखत नाही. नोटपॅडमध्ये लिहिणाऱ्याची फाइल ‘.पीवाय.टीएक्सटी’ होते, आणि विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) लपवत असल्याने त्याला ते दिसतही नाही. रँडम मॉड्यूल (कुठलीही एक संख्या निवडून देणारा, पायथनसोबत येणारा तयार कोड) शिकवलंत की उत्साही विद्यार्थी फाइलला ‘रँडम’ हेच नाव देतो. मग इम्पोर्ट केल्यावर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी त्याचीच फाइल उचलतो आणि ‘असं फंक्शनच नाही’ म्हणतो. हा घोळ तुम्हाला माहीत नसेल तर दूरवरून सापडता सापडत नाही. चॅटवर पाठवलेल्या कोडचं तर विचारू नका: सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, पुढच्या स्पेस जातात, आणि काही ॲप दोन तारकांमधला मजकूर ठळक करून गुणाकाराची चिन्हंच गिळतात. कोड नेहमी फाइलनेच पाठवा.

पहिले दोन वर्ग ब्राउझरमधल्या एडिटरवर घ्या आणि इन्स्टॉल करण्यासाठी वेगळा एक तास ठेवा, त्यात शिकवायचं काहीच नाही. इन्स्टॉल करताना थॉनी हा एडिटर सुचवते. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठीच तयार झाला, त्यासोबत पायथन येतंच, आणि व्हेरिएबलच्या किमती बाजूला दिसतात. ब्राउझरमध्ये पायथन चालवायचं गूगल कोलॅब सोयीचं आहे, पण त्यात सेल, म्हणजे कोडचे चौकोन, कुठल्याही क्रमाने चालवता येतात आणि आधी चालवलेल्यातलं मूल्य मेमरीत तसंच राहतं. विद्यार्थ्याने वरची ओळ खोडली तरी प्रोग्राम चालतोच, दुसऱ्या दिवशी मात्र चालत नाही. नवख्याच्या मनात यंत्राचं जे चित्र तयार होऊ पाहतंय, ते याने बिघडतं.

गृहपाठाबद्दल. दोघं-तिघंच पाठवतात याचं कारण आळस धरू नका. वर्गात ज्याने लूप फक्त पाहिला त्याला घरी ‘कॅल्क्युलेटर बनवा’ म्हणजे कोऱ्या फाइलपासून सगळं. मध्ये पायऱ्या हव्यात. सू सेंटन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला क्रम मला सर्वात कामाचा वाटतो: तयार प्रोग्राम वाचून अंदाज करा, चालवून ताडून बघा, प्रश्नांच्या आधारे त्याची चिरफाड करा, त्यात छोटे बदल करा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहा. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीलाच बहुतेक शिकणं होतं. एक संख्या ओळखायचा खेळ तयार द्या: कॉम्प्युटर एक ते शंभरमधली संख्या मनात धरतो, खेळणारा ओळखतो, प्रोग्राम ‘मोठी’ किंवा ‘लहान’ सांगतो. मग बदल मागा. सात प्रयत्नांनंतर खेळ संपवा. प्रत्येक वेळी किती प्रयत्न उरले ते दाखवा. शंभराऐवजी मर्यादा खेळणाऱ्याला विचारा. इथे तो मजकूर आणि संख्येचा घोळ पुन्हा भेटतोच. दुसरा उपयोगी प्रकार म्हणजे ओळींचं कोडं, जे डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलं: बरोबर प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या, एक-दोन चुकीच्या ओळी मिसळायच्या, आणि क्रम व इंडेंट (कुठली ओळ किती आत) लावायला सांगायचं. यात टाइपिंगची कटकट नसते, फोनवरही होतं, आणि तुम्हाला दोन मिनिटांत तपासता येतं. आठवड्याचा एकूण गृहपाठ अर्ध्या तासात आटोपला पाहिजे.

चॅटबॉटकडून कोड लिहून घेतात का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घेत असणार. बंदी घालून उपयोग नाही. एररचा अर्थ विचारायला परवानगी द्या, उत्तर मागायला नाही. आणि गृहपाठ तपासताना एकच करा: पाठवलेल्या कोडमधली कुठलीही एक ओळ निवडून ‘ही काढली तर काय होईल?’ विचारा. स्वतः लिहिणाऱ्याला चुकीचं का होईना, उत्तर असतं.

‘फार संथ’ म्हणणाऱ्यासाठी वर्गाचा वेग वाढवू नका. त्याला त्याच प्रश्नात खोलात न्या: तुझा खेळ मी ‘अबक’ टाइप केल्यावर मोडू नये असा कर, मुद्दाम प्रोग्राम पाडणाऱ्या पाच नोंदी शोध. मदतनीस म्हणूनही घ्या, पण एक अट पक्की: दुसऱ्याच्या स्क्रीनचा ताबा घ्यायचा नाही आणि त्याच्या वतीने टाइप करायचं नाही, फक्त विचारायचं. ‘सोपं आहे रे’ हे शब्द तुम्ही आणि त्याने, दोघांनीही गिळायचे. अडलेल्या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की सोपंसुद्धा तुला येत नाही.

ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या छोट्या गटखोल्यांत, तीन-तीन जण पाठवा. दोघांत एक गप्प बसला की दुसरा एकटा पडतो, चारांत एक जण लपतो. एकाने स्क्रीन शेअर करून टाइप करायचं, बाकीच्यांनी काय लिहायचं ते सांगायचं, दर आठ-दहा मिनिटांनी माणूस बदलायचा. काम लेखी द्या, कारण रूममध्ये गेल्यावर तोंडी सूचना कुणालाच आठवत नाही. कॅमेऱ्याची सक्ती नको. उघड्या कॅमेऱ्यामागे माणूस कोड करतोय की मान डोलावतोय, हे तसंही कळत नाही.

व्हिडिओंचा विचार वाईट नाही, पण थेट वर्गाच्या जागी नको. ग्वो, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या खुल्या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरच्या कोर्सांचा अभ्यास केला, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक बऱ्यापैकी पूर्ण बघतात असं दिसलं. तेव्हा दीड तासाचं रेकॉर्डिंग तसंच टाकून देण्यापेक्षा चुकलेल्यांसाठी पाच मिनिटांचे तीन तुकडे करा: एक नवी संकल्पना, एक ट्रेस, एक एरर दुरुस्ती. नुसत्या व्हिडिओंवर गेलात तर ‘नुसतं बघतेय’ हीच तक्रार सगळ्यांची होईल, फरक एवढाच की तुमच्या कानावर येणार नाही.

जावास्क्रिप्टबद्दल. तिथे "२०" या मजकुराला दोनने गुणलं तर ४० येतं आणि त्याच "२०" मध्ये एक मिळवला तर २०१. एरर कुठेच नाही. ज्याला मजकूर-संख्या हा भेदच शिकायचाय त्याला ही शांतता महागात पडते. शिवाय पान दिसायला एचटीएमएल (वेबपान मांडायची भाषा) आलं, म्हणजे पहिल्याच दिवशी दोन भाषा. लगेच दिसणारं काहीतरी हवं ही तुमची नस मात्र बरोबर आहे. पायथनसोबत येणारं, पडद्यावर रेघा काढणारं टर्टल मॉड्यूल वापरा. ‘पुढे जा’ आणि ‘वळ’ या दोन ओळी चारदा लिहिल्या की चौकोन निघतो, आणि त्याच दोन ओळी पुन्हापुन्हा लिहायचा कंटाळा आला की लूपची गरज विद्यार्थ्यालाच वाटते. थॉनीमध्ये ते सरळ चालतं, कोलॅबवर चालत नाही, कारण तिथे खिडकी उघडायला स्क्रीनच नसते.

तर पुढचे चार शनिवार असे घ्या. नवं काहीही नाही. पहिल्यांदा व्हेरिएबल, इनपुट आणि प्रकार, वर सांगितलेल्या प्रश्नांसकट. दुसऱ्यांदा इफ आणि एरर वाचन. तिसरा आणि चौथा दोन्ही लूपला. लिस्ट त्यात येईल तेवढीच. डिक्शनरी, फाइल नंतर बघू. प्रत्येक वर्ग तुम्ही दिलेल्या एका चालू फाइलने सुरू होऊ द्या, मागच्या गृहपाठावर बेतू नका. म्हणजे एक आठवडा चुकलेला माणूसही आत येऊ शकतो. आणि गेलेल्या एकोणतीस जणांना एक छोटा मेसेज टाका, ‘का सोडलंत’ असं न विचारता: ‘शनिवारपासून सुरुवातीपासून पुन्हा घेतेय, इन्स्टॉल करायची गरज नाही. कुठल्या आठवड्यापर्यंत नीट कळत होतं, एवढा आकडा पाठवाल का?’ आकडा पाठवायला लाज वाटत नाही. बारा-पंधरापेक्षा जास्त परत आले तर मदतनीस ठरवल्याशिवाय सगळ्यांना एका वर्गात घेऊ नका. दुसरी वेळ काढता येत नसेल तर उरलेल्यांना पुढच्या बॅचची तारीख आत्ताच कळवून टाका.